ओल्या चुन्यातला रस्ता

अक्कलकुव्याला मी गेलो तो एका भिंतीची बातमी करायला. सलीम पेंटर वारून दोन महिने झाले नव्हते, तोच कुणा साहेबांचा दौरा ठरला आणि तहसील कचेरीने त्याच्या घराची हायवेकडची भिंत चुन्याने फासून टाकली. त्याच्या बायकोला साधं विचारलंही नाही. बत्तीस वर्षं मी असल्या लोकांशी भांडतो आहे.

सलीमने जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं रंगवली. आधी ठोकळ्याची, मग सावलीची, मग ट्रकमागची वेलबुट्टीची. कामाआधी सुतळी निळीत बुडवून भिंतीवर ताणायचा आणि सोडायचा. निळी चौकट उमटायची. तिच्याबाहेर ब्रश कधी गेला नाही. फ्लेक्सने धंदा खाल्ला, तेव्हा त्याने स्वतःच्या घराची भिंत रंगवायला घेतली. अक्षर एकही नाही. फक्त सातपुड्यात चढणारा तांबडा रस्ता. पण हाताच्या सवयीने आधी चौकट आखलीच.

"मरेपावत चरफडे," त्याची बायको हलीमाबी म्हणाली. "बिगर चौकटनं एक तरी काढसू, म्हणे."

भर दुपार होती. तापलेल्या डांबराचा वास येत होता. तिने बादली आणली, तांब्याने भिंतीवर पाणी मारलं. ओल्या चुन्यातून खालचा रंग दिसतो, हे मला ठाऊक होतं. रस्ता वर आला. रस्त्यावर एक माणूस, पाठमोरा, हातात रंगाचा डबा.

"स्वतःलाही काढलं होतं त्यांनी?"

"नही... माणूस त्यानी काढाच नव्हता." तिचा आवाज खाली गेला. "काल दुसऱ्या वळणवर व्हता. आज तिसऱ्या. चढी ऱ्हायना, भाऊ..."

मी चष्मा पुसला. चुना सुकत, पांढरा होत, त्याच्या पायांवरून वर सरकत होता.

"एक डाव मांगे वळीसन देखाले पाहिजे त्यानी. बस. मंग जाऊ दे." तिने तांब्या बादलीत ठेवला. "छापू नका. त्या कचेरीवाला फिरी येतीन."

मी बरं म्हणालो. आणि छापलं. त्या माणसाबद्दल नाही, चुन्याबद्दल, साहेबांच्या नावासकट. राग आवरला नाही.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. भिंतीवर ऑइल पेंटचे दोन हात बसले होते.

"तुमनी बातमी मोठी छापाई गई, भाऊ... पाणी ओघळी जास. काहीच नही दिखत."

आज दुपारी नंदुरबारला माझ्या खोलीत कूलरचं पाणी भिंतीवर उडालं. चुन्याखालून तांबडा रस्ता आला. चौकट कुठेच नाही. कोपरा ओलांडून तो दुसऱ्या भिंतीवर गेला आहे. तो माणूस अगदी पुढे उभा आहे, तोंड इकडे करून. माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतो आहे.

हलीमाबीला फोन केला. तिने फक्त बसची वेळ विचारली.

दोन तास लागतील तिला. तोवर मी तांब्या तांब्या पाणी मारतो आहे; भिंत सुकता कामा नये.

मघाशी त्याच्या हातात डबा होता. आता हात रिकामे आहेत. डबा माझ्या उंबऱ्यापाशी जमिनीवर आहे, खराखुरा, आणि त्यातला ब्रश ओला.