माझ्या जुसीला कोणी पाहिलं का?

खोटं वाटत असेल तर ब्राझीलमधल्या कारुआरूच्या कपडेबाजारात कुणालाही विचारा. त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं ते सगळं.

जूनमधल्या साओ जुआंवच्या सणाची संध्याकाळ होती. दारोदारी शेकोट्या पेटलेल्या, धुराने डोळे चुरचुरत होते.

जुसिलेनी, म्हणजे जुसी, मात्र वाल्दोमिरोच्या जीन्सच्या कारखान्यावरच्या खोलीत बसून काम उरकत होती. फळीवर ओळीने जुने फोन. प्रत्येकात वेगळं सिमकार्ड, वेगळं नाव, कुणाचा तरी फोटो. कुठल्या नंबरने कुठल्या ग्रुपमध्ये शिरायचं, किती वेळ गप्प बसायचं आणि मग जाहिरात कधी टाकायची, हे ती सॉफ्टवेअरला ठरवून द्यायची.

नवा नंबर थेट ग्रुपमध्ये घुसवला की अ‍ॅप त्याला बंद करतं. म्हणून तो आधी तापवायचा. म्हणजे आपल्याच नंबरांना आपसात माणसांसारख्या गप्पा मारायला लावायचं.

पण जुसीने रचलेल्या गप्पा अ‍ॅपला लगेच कळायच्या. नंबर पटापट मरत होते.

"तुझी वाक्यं म्हणजे सरकारी नोटीस," वाल्दोमिरो कुरकुरला होता. "माणसं अशी बोलतात होय?"

"मग तुम्हीच लिहा ना, मालक."

"मीच लिहायचं तर तुला पगार कशाचा देऊ?"

वैतागून तिने आईचे जुने मेसेज त्यात घातले. कॉफी घेतलीस का? बाहेर आभाळ आलंय, छत्री ने.

आई, दोना लिंदिनाल्वा, मार्चमध्ये गेली होती. शेवटी शेवटी ती रोज लिहायची. जुसी कामात होती. नंतर बघू म्हणत तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. ती सल तिला अन्न गोड लागू देत नव्हती. एकदा, फक्त एकदा आईला उत्तर देता यावं, एवढंच तिला हवं होतं.

आईच्या शब्दांवर नंबर मस्त तापले. एकही मेला नाही.

त्या संध्याकाळी तिने पहिला नंबर शिंप्यांच्या ग्रुपमध्ये सोडला. जाहिरात जायची वेळ झाली.

जाहिरात गेली नाही. त्याऐवजी आलं…

'माझ्या जुसीला कोणी पाहिलं का?'

जुसीने घातलेले सगळे मेसेज पुन्हा पाहिले. हे वाक्य त्यात नव्हतं.

तेवढ्यात शेजारचा फोन उजळला. मग त्याच्या पलीकडचा…

चर्चच्या बायकांचा ग्रुप. शेळ्यांच्या बाजाराचा ग्रुप. हे तर तिने दिलेच नव्हते. नंबर आपणहून आत शिरत होते आणि तेच विचारत होते.

तिने सॉफ्टवेअर बंद केलं. ते बंद झालं.

फोन थांबले नाहीत.

तिने सिमकार्डं उपसून काढली. तरीही…

'आजी, नात हरवली का?' कुणीतरी विचारलं.

'मुलगी आहे. हरवली नाही. कामात आहे.'



जिन्यातून शेजारीण सोकोरोची हाक आली. "अगं जुसी, खाली ये की. तुझी आई शोधतेय तुला, सगळ्या ग्रुपवर…"

मग सोकोरोला आठवलं. आईच्या मयताला तीही होती.

जुसीला भीती वाटली, पण त्याहून जास्त आशा वाटली. आता तरी सांगता येईल. तिने स्वतःचा फोन घेतला आणि शिंप्यांच्या ग्रुपवर लिहिलं.

'आई, मी जुसी. इथेच आहे गं. उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस.'

फळीवरचे सगळे फोन एकदम विझले.

बाहेर फटाके वाजत होते. आत काहीच वाजत नव्हतं…

मग एकच फोन उजळला.

'बाई, म्हातारीची थट्टा करू नका. तुम्ही जुसी नाही. माझी जुसी उत्तर देत नाही.'

वाल्दोमिरोने दुसऱ्या दिवशी ते फोन फोडून टाकले. धंदाही बदलला.

तरी कारुआरूत नवा ग्रुप निघाला की कधीतरी एक अनोळखी नंबर आत येतो. थोडा वेळ गप्प बसतो. मग जुसीची चौकशी करतो.

जुसी दर वेळी उत्तर देते.

आणि दर वेळी तो नंबर तिला ब्लॉक करतो.