राहीची दोरी सरकते कशी?

एका अतिशय प्रतिष्ठित गृहस्थाच्या उजव्या हाताला वर्तमानपत्र चिकटलं आणि ते सोडवायला अर्धी वाटी खोबरेल लागलं. पण असं काही घडलंच नाही. त्या गृहस्थांचं तसं ठाम म्हणणं आहे, आणि ते वाडीत सर्वांत वडील असल्यामुळे आपणही तसंच मानू. तर १९३४ सालच्या मे महिन्यात, रत्नागिरीला मांडवीच्या वरच्या वाडीत जे काहीच घडलं नाही, ते असं.

राहीला दिसत नव्हतं. ती पाच वर्षांची असताना देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. आता ती बारा वर्षांची होती आणि तिला मुंबईला जायचं होतं. तिथे अंध मुलांची एक शाळा होती. जाड कागदावर उठवलेले ठिपके बोटांनी वाचायला शिकवत. पण आई, कमळाबाई, म्हणे की घरातल्या घरात ठीक आहे, मुंबईत हात कोण धरणार? शेवटी गिरणीत काम करणाऱ्या गंगाराममामाने तोड काढली. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी तो एकदा येणार होता. त्या दिवशी राही घरापासून धक्क्यापर्यंत एकटी आली, तर परतीच्या बोटीने तो तिला घेऊन जाणार. नाही आली, तर विषय बंद.

राहीचे वडील खलाशी. वादळात बोटीवर दोरी धरून चालतात, हे त्यांनी तिला सांगितलं होतं. राहीने विचार केला, मग वादळ नसताना चालायला काय हरकत आहे? चुलतभाऊ सदू आणि शेजारची तुळसा यांनी वाडीभर फिरून काथ्याची दोरी जमवली आणि घरापासून धक्क्यापर्यंत झाडाझाडाला बांधली. एक गाठ म्हणजे पायरी, जोडगाठ म्हणजे वळण आणि कवडी ओवलेली असेल तिथे मोऱ्यांचा कुत्रा. कुत्र्याला हे कोणी कळवलं नव्हतं. तो हवा तिथे झोपे.

सरावाच्या पहिल्या दिवशी सदू-तुळसा धक्क्यावर वाट बघत बसले आणि राही पोचली देवळात. दुसऱ्या दिवशी ती पोचली पिंपळाच्या पारावर. तिसऱ्या दिवशी ती एका लग्नाच्या पंगतीत पोचली. तिला पाट मांडून वाढण्यात आलं. ती चार जिलब्या खाऊन आली, पण आईचा चेहरा उतरला. कमळाबाई म्हणाल्या, म्हणूनच मी नको म्हणत होते.

दोरी कोणीतरी सरकवत होतं. सदूचा संशय कुत्र्यावर होता. कुत्र्याला गाठ सोडता येत नाही, असं तुळसाने सांगितल्यावर त्याने कुत्र्याला सोडलं, पण मनातून नाही. राही मात्र उताराच्या तोंडाशी असलेल्या आंब्यापाशी गेली. तिथपर्यंत दोरी रोज बरोबर असे, फाटे फुटत ते तिथून पुढे. तिने नवी गाठ बराच वेळ चाचपली.

"ही गाठ फार सभ्य आहे," ती म्हणाली. "कचेरीत दप्तरं बांधतात तशी. आणि एक बघितलंत? दोरी रोज सपाटीकडेच वळते. उताराकडे एकदाही नाही."

पण कचेरीतून निवृत्त झालेली माणसं वाडीत ढिगाने होती. मग राहीनेच युक्ती काढली. फणस कापताना आपण हाताला तेल लावतो. चोर लावेल का? त्या संध्याकाळी आंब्याजवळच्या गाठीला फणसाचा चीक भरपूर चोपडण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मामा येणार होता. सकाळी गाठ अर्धवट सुटलेली सापडली आणि तिघं पारावर जाऊन बसली. तिथे आत्माराम आजोबा रोज सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस, आवाज खणखणीत. आजही मंडळी माना डोलावत होती. आजोबांनी केशवर्धक तेलाची जाहिरात वाचली. थोड्या वेळाने पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली तरी मंडळी डोलतच होती.

"आजोबा," राही म्हणाली, "पान उलटा ना."

आजोबा म्हणाले की हे पान फार महत्त्वाचं आहे. तुळसाने जाऊन वर्तमानपत्राचं दुसरं टोक ओढलं. वर्तमानपत्राबरोबर आजोबा आले.

तेल आणलं गेलं. हात सुटेपर्यंत आजोबांनी खरं सांगून टाकलं. आंधळी पोर एवढा उतार उतरणार, त्यांना बघवेना. म्हणून ते पहाटे उठून तिच्यासाठी सोपा रस्ता बांधत. लग्नाच्या दिवशी तर मुद्दाम पंगतीपर्यंत बांधला होता. मंडळींनी यावरही माना डोलावल्या. राहीने नाही.

"तुम्हाला माझी कीव आली, आणि माझी शाळा जात होती. मला एकदा विचारायचं तरी, की तुला जायचंय कुठे?"

आजोबांनी मान खाली घातली. सदूने हाताला तेल लावून दोरी होती तशी बांधली.

दुपारी बोटीची शिटी झाली आणि राही निघाली. एकटी. तिच्या मागे चवड्यांवर चालत आई निघाली. आईमागे आत्माराम आजोबा, त्यांच्यामागे पारावरची मंडळी, आणि कसलीतरी मिरवणूक आहे असं वाटून लग्नाचं वऱ्हाडही. राहीला सगळ्यांच्या चपला ऐकू येत होत्या, पण तिने तसं दाखवलं नाही. कुत्रा कवडीपासून दूर, वाटेतच झोपला होता. त्याचं घोरणं ऐकून तिने त्याला ओलांडलं. अवघड उतारावर मात्र जांभ्याची एक पायरी निसटली. राही गुडघ्यावर आली. आईच्या तोंडून आवाज फुटला आणि आजोबा धावत पुढे झाले.

"हात दे गो बाळ!"

"नको आजोबा," राही उठत म्हणाली. "तुमच्या हाताला चीक आहे."

तिने दोरी चाचपली, गाठ सापडली आणि ती पुढे गेली. खालून मासळीचा वास यायला लागला, मग वाळू, मग धक्क्याचा दगड. होडीतून उतरून मामा समोर आला, तेव्हा राही शेवटची गाठ धरून उभी होती.

"कोणाबरोबर आलीस?" मामाने विचारलं.

"दोरीबरोबर."

मामाने तिच्या मागे पाहिलं. "आणि ही एवढी माणसं?"

"ती माझ्याबरोबर आली. त्यांना रस्ता माहीत नव्हता."

कमळाबाई रडत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की माझी मुलगी आहे. शेजारणीला ते बारा वर्षं माहीत होतं. घरी जाऊन त्यांनी स्वतःच राहीची पेटी भरायला घेतली.

आत्माराम आजोबांना काहीतरी भरपाई करायची होती. तेव्हा राहीने मजकूर सांगितला आणि आजोबांनी आपल्या वळणदार अक्षरात, कागदाला तेलाचे डाग पाडत, अर्ज लिहिला:

"मेहेरबान बंदर अधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार राही, वय वर्षे बारा, विनंती करते की मांडवीपासून मुंबईपर्यंत समुद्रात काथ्याची दोरी बांधण्यात यावी. वळणास जोडगाठ असावी. देवमासा झोपत असेल तेथे कवडी ओवावी. वाटेत कोणास अर्जदाराची कीव आल्यास त्याने दोरीस हात न लावता आधी अर्जदारास विचारावे, असा हुकूम व्हावा. बोट परवा सुटते, तरी काम उद्या संध्याकाळपर्यंत पुरे करावे, ही विनंती."