खोडलेली नोंद

लारिसाच्या दंडाला दवाखान्यातल्या एमिलने पहिल्यांदा रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला, तेव्हा बाहेर कॅनडातल्या सॅस्काटूनचा बर्फ भुरभुरत होता आणि यंत्र एकशे बावन्न दाखवत होतं. तिशीतच ही थेरं! झोप आणणाऱ्या मेलाटोनिनने रक्तदाब उतरतो का, हे पाहणाऱ्या चाचणीत डॉक्टरांनी तिला घातलं होतं. झोपताना रोज एक गोळी, आणि महिन्यातून एकदा चोवीस तास हा पट्टा. तो दर वीस मिनिटांनी आवळायचा. तेव्हा आपण काय करत होतो, ते वहीत लिहायचं. वही तपासायचं काम एमिलचं.

'लोखंडाचे सहा अणू, मध्ये कार्बन' ही नोंद वाचून त्याने हे काय प्रकरण म्हणून विचारलं. ती रसायनशास्त्रातली संशोधक. रंगात येऊन सांगत बसली.

"कार्बनला सहा जणांनी घेरलंय? गुदमरत असेल बिचारा."

"उलट त्याच्यामुळेच ते सहा जण एकत्र आहेत. तो गेला, की सगळं विस्कटतं."

"मग भलताच लाडावलेला असणार," तो म्हणाला. पट्टा सोडवताना त्याची बोटं... जरा जास्तच रेंगाळली.

पाच महिने असे तरंगत गेले. आज शेवटची भेट. चार वाजता पट्टा निघणार, चाचणी संपणार, आणि मग त्याला भेटायला निमित्तच उरणार नव्हतं.

चारला दहा कमी असताना एमिलने वही उघडली, आणि तिचं धाबं दणाणलं. दोन चाळीसची नोंद तिने खोडली होती, पण प्रयोगशाळेच्या सवयीने! तिथे चुकलेलं गिरगटायचं नसतं. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. रेघेखाली स्वच्छ दिसत होतं : 'एमिलचा विचार करत होते.' पुढे आकडा, एकशे एकसष्ट.

"हे चुकून लिहिलंत?" त्याने हळूच विचारलं.

"नाही..." तिला खोटं बोलता येईना. "रेघ चुकून मारली."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. चाचणी संपेपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत, त्याला तिच्याशी खाजगी काही बोलायची मुभा नव्हती, नियमच तसा होता. तो समोर खुर्ची ओढून बसला. खिडकीबाहेर बर्फ पडत राहिला.

चार वाजले. त्याने पट्टा सोडवला.

"लारिसा, इतके महिने मी तुझा रक्तदाब मोजला," तो म्हणाला. "माझा कुणी मोजला असता ना — तर पहिल्याच दिवशी मला कामावरून घरी पाठवलं असतं."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं. मोजलं मात्र काहीच नाही.