चौतिसावं उत्तर

काकू पुतणीचा हात धरून आत आल्या, तेव्हा दादा पेन्सिलींना टोक करत बसले होते. तपास कार्यालयात त्यांच्याकडे एवढंच काम असे. डोकं चालवायचं काम त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे बाईंकडे. दोघं जुळी; दादा अकरा मिनिटांनी मोठे. बहिणीच्या पुढे राहिल्याचा आयुष्यातला तो एकमेव प्रसंग, आणि नेमका तोच दादांना आठवत नव्हता.

"बाई, माझ्या पोरीवर आळ आलाय," काकू खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. "तशी ही दिरांची. पण पाच वर्षांची असल्यापासून माझ्याच घरात आहे. माझी मुलगी आणि ही, दोघी एका ताटात जेवल्यात."

हकिगत अशी होती. महिन्यापूर्वी इंग्रजी वाचनाची परीक्षा झाली. पाच उतारे, चाळीस प्रश्न. पेपर असा काही निघाला की हुशार मुलंही बाहेर येताना घाम पुसत होती. पहिल्या येणाऱ्याला मोठ्या कॉलेजात शिष्यवृत्तीची एकुलती एक जागा मिळणार होती, आणि ती पुतणीलाच मिळणार हे सगळे धरून चालले होते.

मग परीक्षा कार्यालयात एक निनावी छापील पत्र आलं. बाईंनी त्याची प्रत वाचली.

"क्रमांक एक्केचाळीसच्या मुलीने विकतची उत्तरसूची आणली होती. शेवटच्या उताऱ्याची तिची उत्तरं तपासा."

कार्यालयाने तपासली. पहिले सोळा प्रश्न चोख, आणि सतराव्यापासून जवळजवळ सगळं चुकलेलं! बाजारात कुणी तरी बनावट उत्तरसूची विकल्याची कुजबुज होतीच. संशय पक्का झाला.

"उद्या पाचला सुनावणी आहे," काकू म्हणाल्या. "दोषी ठरली तर तीन वर्षं हिला कुठल्याच परीक्षेला बसू देणार नाहीत."

"मी काही आणलं नव्हतं," पुतणी खाली बघत म्हणाली.

बाईंनी तिच्यापुढे अर्ज सरकवला. तिने कागद तिरका केला आणि डाव्या हाताने सही केली. सही करताना तिचा हात कागदाच्या कडेवर आडवा पसरला होता.

"प्रश्नपुस्तिका आणलीस? छान. उत्तरपत्रिकेची प्रतही आहे. दादा, तू तेहेतीसपासून उत्तरं वाच."

"तेहेतीस सी, चौतीस डी, पस्तीस ए..." दादा वाचू लागले. बाई पुस्तिकेवर पट्टी ठेवून बघत होत्या. मध्येच त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि गालात हसल्या. दादांना ते हसू लहानपणापासून ओळखीचं होतं आणि लहानपणापासून नावडतं.

"किती प्रश्न सोडलेस?"

"एकच. सतरावा. दोन पर्यायांत अडकले, म्हणून पुस्तिकेत चांदणी काढून पुढे गेले. आधी पुस्तिकेत खुणा केल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत भराभर उत्तरपत्रिकेतले गोळे काळे केले. सतराव्याकडे परत जायचं राहिलं. घंटा झाली तेव्हा एक ओळ रिकामी दिसत होती. म्हटलं, तीच ती."

"दादा, रिकामी ओळ कितवी?"

"चाळिसावी. शेवटची. दमली असेल बिचारी."

बाईंनी भावाकडे प्रेमाने पाहिलं. त्या प्रेमाने दादांच्या अंगाचा तिळपापड झाला.

परीक्षेत पुतणीच्या डावीकडे बसला होता वर्गातला नेहमीचा दुसरा. सगळे त्याला 'दोन नंबर' म्हणत, आणि तो ते तोंड वाकडं करून ऐकून घेई. जागा पुतणीच्या हातून गेली तर त्याचीच होती. दादांनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

"हो, जळतो मी तिच्यावर!" तो कॉलेजच्या पायऱ्यांवर फणकारला. "आठ वर्षं दुसरा येऊन बघा, म्हणजे कळेल. पण पत्र मी नाही लिहिलं. मला तीन तास तिचं फक्त कोपर दिसत होतं."

मागच्या बाकावरची मैत्रीण बोलकी निघाली. "मला तिची वेणी दिसत होती, बाकी काही नाही. पेपर सुटल्यावर आम्ही चौघं इथंच उत्तरं पडताळत बसलो. मी, दोन नंबर, ती आणि तिची चुलत बहीण. तेवढी पडताळणी केल्याशिवाय घास उतरत नाही आम्हाला."

"शेवटच्या उताऱ्यात काही वाद झाला?"

"वाद कसला? चौतिसाव्याला माझं आणि दोन नंबरचं सी. तिनेही पुस्तिकेत बघून सांगितलं, सी. तर तिची बहीण म्हणते, 'सी काय? तू डी भरलंयस!' आम्ही खूप हसलो. स्वतःचं चुकलं की दुसऱ्याचंही चुकलंच पाहिजे, अशी गंमत! बहीण उठून निघूनच गेली."

"पुतणी काय म्हणाली?"

"काही नाही. तीही हसली."

चुलत बहीण काकूंच्या घरी भेटली. खोलीत समोरासमोर दोन टेबलं होती. भिंतीवर सात प्रमाणपत्रं लावली होती, सातही पुतणीची. परीक्षेत ही पुतणीच्या उजवीकडच्या बाकावर होती.

"मला दुसऱ्याच्या पेपरात बघायची सवय नाही," ती म्हणाली. बाईंनी मागितल्यावर तिने पुस्तिका पुढे केली. पहिल्या चार उताऱ्यांत रेघा, गोल आणि बाण होते. शेवटच्या उताऱ्याची पानं मात्र कोरी करकरीत होती. किती टापटीप मुलगी, असं दादांना वाटलं.

"आई तुमच्याकडे लगेच धावली ना?" निघताना ती अचानक म्हणाली. "मला ताप आला होता, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला तिला दोन दिवस लागले होते."

जिना उतरताना दादांनी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. या मुलीची त्यांना कणव येत होती आणि त्याचं कारण त्यांना बहिणीला सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बाईंच्या कार्यालयात जमले. सुनावणीला दोन तास होते. दोन नंबर दाराशी उभा होता, मैत्रीण स्टुलावर आणि काकू दोन मुलींच्या मधे बसल्या होत्या.

"उत्तरसूची वगैरे काही नव्हती," बाईंनी सुरुवात केली. "हिने सतरावा प्रश्न सोडला, पण गोळे भरताना सतरावी ओळ सोडायची विसरली. अठराव्याचं उत्तर सतराव्या ओळीत गेलं आणि पुढची सगळी रांग एक घर वर सरकली. म्हणून रिकामी राहिली ती चाळिसावी ओळ. पुस्तिका आणि उत्तरपत्रिका एक ओळ सरकवून ठेवा, तंतोतंत जुळतात."

पुतणीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे माझ्याच हाताने..."

"तुझ्याच हाताने. आता पत्राकडे येऊ. शेवटचा उतारा तपासा, असं पत्र म्हणतं. पण घोळ तर सतराव्यापासून होता! म्हणजे लिहिणाऱ्याने उत्तरपत्रिकेचा शेवटचाच भाग पाहिला होता. आणि तो चुकलाय हे त्याला कसं कळलं? हिला स्वतःला तरी कुठे माहीत होतं? ते फक्त अशा माणसाला कळणार, ज्याने वर्गात हिचे गोळे पाहिले आणि पायऱ्यांवर हिची उत्तरं ऐकली."

"पायऱ्यांवर आम्ही चौघंच होतो," मैत्रीण पुटपुटली.

"तुला वेणी दिसत होती. दोन नंबरला कोपर दिसत होतं, कारण ही डावखुरी आहे. डावीकडून तिचा हात भिंतीसारखा आडवा येतो. उजवी बाजू मोकळी राहते."

बाईंनी पुतणीची पुस्तिका उचलली.

"पुस्तिकेत चौतिसाव्याला सी आहे. तोंडाने तिने सी सांगितलं. उत्तरपत्रिकेत मात्र डी काळं झालंय. हे त्या दिवशी साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. 'तू डी भरलंयस', असं म्हणणाऱ्याला."

काकूंनी सावकाश मान वळवून आपल्या मुलीकडे पाहिलं. "तू?"

"शेवटचा उतारा तिला सुटला नाही," बाई म्हणाल्या. "पुस्तिकेची ती पानं म्हणून कोरी आहेत. हिचे गोळे बघून तिने आपले भरले. इथपर्यंत मला कळतं. एक गोष्ट मात्र कळत नाही. पत्र कशाला? गप्प बसली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. उलट चौकशी ओढवून घेतली."

बाई थांबल्या. बहीण अडली आहे, हे दादांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"मी सांगतो," दादा म्हणाले. "तिला वाटलं, हिने मुद्दाम खोटे गोळे दाखवले. आपण बघतोय हे हिला कळलं, आपल्याला बुडवायला हिने चुकीचं भरलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर बरोबर उत्तरं वाचून हसली."

"तेच केलं तिने!" मुलगी ओरडली. "हात बाजूला घेऊन मला दाखवलं आणि मग हसली! आई, घरात सगळं तिचं आहे, भिंतसुद्धा तिची. सात उत्तरं घेतली मी तिची. तीसुद्धा तिने मला खरी दिली नाहीत!"

"मला माहीतच नव्हतं गं, तू बघतेयस ते," पुतणी रडत म्हणाली. "माहीत असतं तर तुला सतरावा विचारला असता."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा पडला आणि तिने दादांच्या टेबलावरचा कागद ओढून घेतला. कबुली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली. तिन्ही वर्षं आता तिच्या वाट्याला येणार होती. जागा दोन नंबरला मिळणार होती. चुकीच्या ओळीतलं उत्तर यंत्र मान्य करत नाही. पुतणीला मात्र पुढच्या वर्षी पुन्हा बसता येणार होतं. निघताना काकूंनी आधी आपल्या मुलीचा हात धरला. पुतणीने मागे सरून त्यांना वाट दिली.

कार्यालय रिकामं झालं.

"तुला कसं कळलं, दादा?"

दादांनी पेन्सिल उचलली. सांगू नये असं वाटत असताना ते बोलून गेले. "चौथीची स्पर्धा परीक्षा आठवते? तुझी तीन गणितं बघून मी लिहिली होती. तिन्ही चुकली. तू पास झालीस, मी नापास. मला खोटं दाखवलंस आणि नंतर खोडून बरोबर लिहिलंस, असं मी धरून चाललोय."

"इतकी वर्षं?"

"एक्कावन्न."

बाईंनी चष्मा काढला.

"मी काही खोडलं नव्हतं. ती गणितं मला येतच नव्हती. माझीही तिन्ही चुकली."

"मग कागद माझ्याकडे कशाला सरकवला होतास?"

"तू अडलायस हे दिसत होतं म्हणून," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, बरोबर असतील."

दादांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं, तरी ते बराच वेळ करत राहिले.