पाव लिटर

त्या घरात माशांची शंभर लिटरची टाकी होती आणि तिचा सगळा कारभार पाहत होता खेळायच्या पत्त्याएवढा एक संगणक. स्वस्तातला, खोक्याशिवायचा, चार तारा बाहेर लोंबणारा. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की खालच्या पिंपातून तेवढंच वर सोडायचं, माशांना वेळेवर दाणे टाकायचे, आणि घडलेलं सगळं वेळेसकट लिहून ठेवायचं, ही त्याची कामं. नवरा त्याला 'कारकून' म्हणायचा. बायको पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला; तिनंच तो सुट्ट्यांमध्ये बसून जोडला होता, दोनदा बोटं भाजून घेऊन.

दारालाही तिनं दोन डोळे लावले होते. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, ते कारकून मोजायचा आणि छोट्या पडद्यावर दाखवायचा: घरात माणसं, दोन. शून्य झालं की दिवे आपोआप बंद. "मी गेलो की लगेच एक वजा! काय माणुसकी म्हणायची ही?" असं नवरा रोज बूट चढवताना कुरकुरायचा.

त्या सोमवारीही कुरकुरतच गेला. बोगद्याच्या कामावर तो मोजणीदार होता. अकराच्या सुमारास बोगद्याचं छत बसलं. आत जाताना प्रत्येकानं फळीवरचा आपला बिल्ला काढून न्यायचा असा तिथला नियम. फळीवर एकच खिळा रिकामा होता. म्हणजे आत तो एकटाच.

दोन दिवस ती फाटकाशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली, तेव्हा धाकट्या दिरानं तिला घरी आणून सोडलं. "वहिनी, तुमच्या पाया पडतो, इथेच थांबा. काही कळलं की पहिला फोन तुम्हाला," म्हणाला आणि तसाच परत फिरला.

घरात माणसं, एक. तो आकडा तिच्याच्यानं बघवेना. तिनं तोंड फिरवलं आणि निव्वळ सवयीनं टाकीची नोंद उघडली.

पाणी उडून जातं ते हळूहळू, दिवसभर मिळून पेलाभर. नोंदीतली रेघ उतारासारखी घसरत जाते. सोमवार दुपारपासून मात्र रेघेला पायऱ्या पडल्या होत्या. एका क्षणी पाव लिटर कमी. मग पुन्हा सरळ. मग पुन्हा पाव लिटर. टाकी गळते म्हणावं तर खाली पसरलेला कागद कोरडा ठणठणीत होता. तिनं पातळी मोजणारा भाग बदलून पाहिला, तारा तपासल्या. मोजणी चोख होती.

मग तिनं वेळा पाहिल्या. सात, बारा, चार, आठ.

मुतखडा झाल्यापासून डॉक्टरांनी नवऱ्याला नेमून दिलेल्या पाण्याच्या या वेळा. दर वेळी एक पेला, पाव लिटरचा, एका दमात.

पावणेचारला ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. काचेवर पाण्याच्या रेषेला पेनानं खूण केली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. चारला एक मिनिट असताना सगळे मासे एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले. पाण्याच्या मधोमध वाटीएवढा खळगा पडला. आवाज नाही, तरंग नाही. खळगा भरून आला आणि पाणी खुणेच्या केसभर खाली उतरलं.

ती प्रयोगशाळेतली बाई. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानणाऱ्यांतली नव्हे. आठ वाजता तिनं पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा. मग दिराला फोन लावला.

"भावजी, ते जिवंत आहेत. पाणी पितायत."

तो म्हणाला, "वहिनी, थोडं झोपा. खरंच झोपा."

त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पिंप घासून धुतलं आणि त्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं. पाचव्या दिवशी तिच्या मनात आलं, नुसत्या पाण्यावर माणूस किती दिवस काढणार? तिनं साखर आणि मीठ मोजून घेतलं, थेट टाकीतच विरघळवलं, पिंपातही घातलं. माशांचं काय होणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! दोन दिवसांत एकूण एक मासे उलटे तरंगायला लागले. ते सात वर्षं पोसलेले जीव तिनं जाळीनं काढले आणि कुंडीत पुरले. रडूसुद्धा आलं नाही. पाणी नासू नये म्हणून ती रोज अर्धी टाकी उपसून ताजं भरत राहिली.

आठव्या दिवशी पायऱ्या उथळ झाल्या. अर्धा पेला. मग दोन घोट.

नवव्या दिवशी दुपारी दिराचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. "वहिनी, मोठे साहेब म्हणतात, उद्यापासून खोदकाम थांबवणार. नऊ दिवस पाण्याशिवाय... तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडानं भांडू?"

"त्यांचे पाय धरा. आणखी एक दिवस मागून घ्या. एकच दिवस!"

चार वाजले. खळगा पडला नाही. सव्वाचार झाले. मासे नसलेलं ते पाणी जागच्या जागी उभं होतं. तेवढ्यात कुठूनसं तिच्या मनात आलं: त्याचा हात तरी कसा पोचेल इथवर? हे पाणी कुणीतरी नेत असणार. त्याच्याकडे नेऊन देत असणार.

तिनं टाकीच्या काचेला कपाळ टेकलं.

"कोण आहेस ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण थांबू नकोस. त्यांना प्यायला घाल. त्यांना घरी आण. मग हे घर तुझंसुद्धा. येऊन राहा. मी एका शब्दानं विचारणार नाही."

खळगा पडला. मोठा, खोल. पूर्ण पाव लिटर.

दहाव्या दिवशी सकाळी दिरानं मागून घेतलेल्या दिवसातला शेवटचा छेद आरपार गेला आणि आतून खोकल्याचा आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टर त्याच्या रक्ताचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होते. पायाला मार होता, अंगात ताकद नव्हती. पण पाणी कमी पडल्याची एकही खूण नव्हती. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि दहा दिवसांचं सगळं रडून घेतलं.

"पाचव्या दिवसापासून पाणी गोड लागायला लागलं," तो हळूच म्हणाला. "गोड आणि खारट. मी त्याला विचारलं, हे कुठलं? तर म्हणाला, तुझ्याच घरचं."

"कुणाला विचारलंत?"

"होता ना बरोबर. अंधारात दिसायचा नाही. ओंजळ तेवढी गार लागायची." त्यानं डोळे मिटले. "शेवटी तर मी नकोच म्हणत होतो. पण तो म्हणाला, पी. तुझ्या बायकोनं मला राहायला बोलावलंय."

तिला फळीवरचा एकुलता एक रिकामा खिळा आठवला.

आठवड्यानं त्याला घरी सोडलं. दिरानं दोघांना दारापर्यंत आणलं आणि तो औषधं आणायला तसाच निघाला. घराला आठवडाभर कुलूप होतं, तरी आतल्या खोलीत दिवा जळत होता. नवऱ्याला खांद्याचा आधार देत ती उंबरठा ओलांडून आत आली आणि वळून तिनं पडद्याकडे पाहिलं. इतके दिवस ती त्या पडद्याकडे एकच आकडा मागत होती, दोन.

घरात माणसं, तीन.

नवरा सावकाश खुर्चीत टेकला. "दार लाव," तो म्हणाला. "सगळे आलो आत."

तिनं दार लावलं. कपाटातून दोन पेले काढले. हात तिथेच थबकला. टाकीतलं पाणी अगदी स्थिर होतं.

तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तिसरा पेला काढला.