तीन धारांचा लव्हाळा

आज पिकलेलं फळ हाती लागलं नाही, तर उद्या सकाळी चर खणणारं यंत्र आक-साझच्या दलदलीत उतरणार होतं! इथला लव्हाळा फक्त याच खोऱ्यात उगवणाऱ्या दुर्मिळ जातीचा आहे, हे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या जानिलनं दाखवलं तरच खणणं थांबणार होतं. पण फळाशिवाय जात ओळखू येत नाही, आणि काठावरची सगळी कणसं मेंढ्यांनी केव्हाच फस्त केली होती. उरली होती ती मधोमध, जिथे मेंढी पाऊल टाकत नाही.

"मेंढीला तेवढी अक्कल आहे," तिचे सासरे, सागिंदिक, घोड्यावरून गुरकावले. "गवतासाठी जीव द्यायला कॉलेजात शिकवतात का?"

"गवत नाही, मामंजी. लव्हाळ्याच्या देठाला तीन धारा असतात."

"माझ्या सुरीला एकच आहे. पुरते मला!"

जानिल मागून चालत होती. काळं, बर्फगार पाणी बुटांत शिरत होतं आणि डासांनी पापण्या सुजवल्या होत्या. पुढे सपाट, कोवळं हिरवं रान पसरलं होतं. तिनं एक काडी बोटांत फिरवली. गोल! आणि खाली पाय ठरेल असा मुळांचा घट्ट ठोंबही नाही. म्हणजे हा पाण्यावर तरंगणारा नुसता थर!

"मामंजी, इकडून नको—"

"आता सून मला वाट दाखवणार?"

ती मागेच राहिली. सासऱ्यांच्या पुढून सुनेनं जायचं नसतं. तो रिवाज पाळला, तेवढंच चुकलं.

फच्च! घोडा पोटापर्यंत आत गेला.

"उतरा!"

"घोड्यावरून? चिखलात? मी?"

"मामंजी, उतरा म्हणते ना!"

ती वळसा घालून धावली, थेट त्यांच्यापुढे. एक ठोंब. दुसरा. देठ चाचपला. तीन धारा! पाय ठरला. तिनं दोर फेकला. म्हातारा पोटावर सरपटत आला, मग दोघांनी मिळून लगाम ओढला. घोडा किंचाळला, धडपडला, निसटला... आणि अखेर वर आला!

"आता माझ्यामागून या. मी पाय ठेवीन तिथेच ठेवा."

 सागिंदिक घोडा ठोंबाला बांधून मागून आले.

गारा कोसळू लागल्या. मधल्या ठोंबावर जानिल गुडघे टेकून बसली, अंगरख्याखाली भिंग धरलं. तपकिरी, फुगीर फळ. फळाच्या टोकाची चोच दोन दातांची. खवल्याची कड पांढरी.

"काय गं? बोल ना!"

"तोच आहे, मामंजी. तोच!"

सागिंदिकनी दाढीतला चिखल निपटला.

"मग उद्या त्या यंत्रवाल्याला मीच दलदल दाखवायला आणतो," ते म्हणाले. "घोड्यावर बसवून."