चौथ्या गटाची ओळ

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. रात्री जेवायच्या आधी फाकिसो मास्तर चर्चला कुलूप घालायला निघाले. किल्ली त्यांच्याच खिशात असायची. हिवाळ्याचा गार वारा सुटला होता, म्हणून अंगावर घोंगडी, हातात विजेरी. बायकोला म्हणाले, "माझी मक्याची पापा झाकून ठेव, आलोच."

न्ताते लेसूपी – न्ताते म्हणजे बाबा – एवढं सांगून थांबले. हा-मोतेको नावाच्या गावात त्या संध्याकाळी वीज नव्हती, पोरंपोरी त्यांच्या शेकोटीभोवती कोंडाळं करून बसली होती.

"चर्चची समिती म्हणते, वारा असेल," ते म्हणाले. "समितीतलं एक तरी माणूस त्या रात्री तिथे होतं का? जागेवर जायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि ठराव मात्र एकमताने! तीस वर्षं मी वर्तमानपत्रात असल्याच लोकांशी भांडलो. मी मास्तरांना विचारलं, गाण्याच्या बाईंना विचारलं, सकाळी स्वतः जाऊन पाहिलं. फाकिसो माझ्या बहिणीचा नवरा. मत्सरी आहे, खोटारडा नाही. हे दोन वेगळे रोग आहेत, पोरांनो. गोवरी सरकव गं मोसा. आणि ऐका."

मास्तरांचा मत्सर काही एका दिवसाचा नव्हता. मुलांना देवाची गाणी शिकवावीत तर त्यांनीच, असा गावाचा रिवाज होता. चर्चमधल्या फळ्यावर डो-रे-मी लिहायचं, छडीने एकेक अक्षर दाखवायचं, चुकलं की तीच छडी बोटांवर. मग खालच्या मुलखातून मातेबोहो बाई आल्या. विधवा, हसऱ्या, हातात ना फळा ना छडी. त्यांनी मुलांना साखळीचं गाणं शिकवलं. चाल एकच, गट चार. पहिला गट एक ओळ गाऊन पुढे गेला की दुसरा मागून तीच ओळ धरतो, मग तिसरा, मग चौथा. अक्षरओळख नसलेली, मेंढरांमागे हिंडणारी पोरंसुद्धा त्यात गाऊ लागली. महिन्याभरात मास्तरांपुढचे बाक ओस पडले.

"मुलं आहेत की शेळ्या?" मास्तर म्हणायचे. "जिकडे पाला, तिकडे पळाल्या!"

रात्र रात्र त्यांना झोप येईना. बाईंच्या अंगणातून गाणं आलं की ते खिडकी लावून घेत आणि लावलेल्या खिडकीला कान देत. त्यात पाद्रीबाबा म्हणाले, शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये जलसा आहे, त्यात बघू, मग मुलांचं गायन कुणाकडे द्यायचं ते ठरवू.

आपला जलसा कसा असतो, ठाऊक आहे ना? ज्याला गाणं थांबवायचं त्याने टेबलावर नाणं ठेवायचं. ज्याला पुढे ऐकायचं त्याने त्याहून मोठं ठेवायचं. गंमत असते ती. चर्चच्या पेटीत भर पडते, लोक पोट धरून हसतात.

मास्तरांनी त्या गमतीचा सुरा केला.

बाईंचं गाणं चार ओळींचं होतं.

रात्र झाली, देवा, दिवा लाव.
वाट चुकली, हात दे.
नदी फुगली, पार ने.
घरी ने, देवा, घरी ने.

चौथा गट सगळ्यांत धाकट्यांचा. त्यांनी पहिली ओळ धरली, तेव्हा पहिला गट शेवटच्या ओळीला पोचला होता. नेमके तेव्हा मास्तर उठले. टण! "पुरे!"

मुलं गप्प झाली. लोक हसले. बाईंनी नाणं ठेवून पुन्हा सुरुवात करवली. पुन्हा तीच जागा. टण!

"मास्तर, आज मेंढ्या विकल्यात वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"विकल्या तर विकल्या. तुझ्या बापाच्या नव्हत्या," मास्तर म्हणाले.

पुन्हा सुरू. पुन्हा टण. शेवटी बाईंचा बटवा रिकामा झाला. धाकट्यांतली एक चिमुरडी रडायला लागली, "आमचं राहिलं… आमचं राहिलं…"

बाई टेबलापाशी आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "राग माझ्यावर आहे, तर माझ्यावर काढा ना, मास्तर. पुढचे घरी पोचले. धाकटे अंधारातच राहिले."

"मग ठेवा टेबलावर काहीतरी," मास्तर म्हणाले. "की फुकटात हवंय?"

जलसा तिथेच मोडला. पाद्रीबाबा पैशांची पेटी घेऊन गेले, लोक पांगले.

रात्री मास्तर कुलूप घालायला आले, ते असे जिंकून आले होते. शीळ घालत आले. चर्चजवळ पोचले आणि शीळ थांबली.

आत गाणं चाललं होतं.

"बाई पोरांना घेऊन परत आली तर!" त्यांचं डोकं तापलं. "एवढा माज?" त्यांनी दार ढकललं, विजेरी फिरवली.

बाक. टेबल. भिंती. माणूस नाही.

गाणं मात्र चालूच. एका कोपऱ्यातून पहिला गट. दुसऱ्यातून दुसरा. तिसरा अगदी खिडकीपाशी. आणि चौथा… त्यांच्या पाठीशी. कमरेच्या उंचीवरून.

रात्र झाली, देवा, दिवा लाव…

टण.

टेबलावर. सगळं शांत.

मग पुन्हा पहिला गट. दुसरा. तिसरा. पाठीमागे चौथा. रात्र झाली, देवा…

टण.

मास्तर दाराकडे वळले. पाय उचलेनात. विजेरी मंदावली. विझली. पुन्हा सुरू झालं. पुन्हा तुटलं. पुन्हा. पुन्हा.

"गा की पुढे," मास्तर म्हणाले. "गा ना रे…"

काही नाही.

मग त्यांना जलशाचा रिवाज आठवला. चाचपडत ते टेबलापाशी गेले. खिशातली चिल्लर ठेवली. गाणं सुरू झालं… तुटलं. फोन ठेवला. तुटलं. चाकू. टोपी. अंगावरची घोंगडी. तुटलं… तुटलं… तुटलं.

थंडीने दात वाजत होते. पाठीमागे कुणीतरी मुसमुसत होतं. एक नव्हे. पुष्कळ.

मास्तरांनी फळ्याजवळची छडी ओढली. हातातून सुटेना. त्यांनी मला सांगितलं, लेसूपी, बाकीचं सगळं मी भीतीने ठेवलं, हे एकच ठेवताना जीव तुटला. छडी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मुलं तिची. मला नकोत. त्यांना घरी जाऊ द्या."

शांतता.

बराच वेळ शांतता…

आणि टण.

मास्तरांचे दोन्ही हात तेव्हा छातीशी होते.

गाणं सुरू झालं. पहिला गट घरी पोचला, थांबला. दुसरा थांबला. तिसरा थांबला. मग एकटा चौथा… घरी ने, देवा, घरी ने.

मग कुणीच नाही.

उजाडल्यावर आम्ही त्यांना दारात बसलेलं पाहिलं. घरी पापा तशीच झाकलेली. त्या दिवसापासून मुलं बाईंकडे आहेत. मास्तर मागच्या बाकावर बसतात आणि शेवटची ओळ होईपर्यंत उठत नाहीत.

"मग शेवटचं नाणं कुणी ठेवलं, न्ताते?" मोसाने विचारलं.

लेसूपींनी एक गोवरी विस्तवात ढकलली. शेकोटीत काहीतरी तडकलं.

"टेबलावर मास्तरांचं सगळं होतं," ते म्हणाले. "चिल्लर, फोन, चाकू, टोपी, घोंगडी, छडी. आणि छडीवर एक नाणं. मोठं, काळपट. त्यावर कुण्या परक्या राणीचं तोंड. माझ्या आजानेही तसलं पाहिलं नसेल. समितीने ते पाहिलं, पुसलं आणि म्हटलं, वारा. पण पुसण्याआधी मी पाहिलं होतं. एप्रिलपासून गावात थेंब पडला नव्हता, पोरांनो… आणि त्या नाण्यावर पुराच्या पाण्यातला असतो तसा ओला, तांबडा चिखल होता. चिखलात अंगठ्याचा ठसा."

त्यांनी आपली करंगळी उजेडात धरली.

"या नखाएवढा."